मासेमारीची गावं, जिथं चित्रकार राहिले: सेंट आइव्हज की आणखी कुठं?

जलरंग_मंगळवारपेठ, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जलरंगात निसर्गचित्रं करते. आमचा रविवारचा गट आहे. रंकाळा, पंचगंगा घाट, कधी पन्हाळा, सकाळी उजाडता उजाडता बसतो. मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. मे अखेरीला आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय, जून तिथंच. लंडन ती दाखवेल. मला मात्र समुद्रकाठच्या अशा गावात चार दिवस राहायचंय, जिथं आधी फक्त मासेमारी होती आणि मग चित्रकार येऊन राहिले. सेंट आइव्हज हे नाव ऐकून आहे. तिथं बसून चित्र काढता येतं, की आता नुसती दुकानंच उरली आहेत?

दुसरं म्हणजे आमच्या गटातल्या बाकीच्यांनाही समुद्राची ओढ लागली आहे. दिवाळीनंतर कोल्हापूरहून सगळ्यांना जमेल आणि खिशाला झेपेल असं कुठं जावं? होड्या हव्यात आणि चित्रकलेचं काहीतरी बघायला मिळावं. यजमानांना चित्रांत फारसा रस नाही, ताज्या माशांत आहे, तेवढं बघा.

कलाशिक्षक_गारगोटी

ताई, जरूर जा. मुलगा तिकडं नोकरीला होता तेव्हा मी सेंट आइव्हजला राहून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडिंग तुम्हाला सोयीचं आहे. लंडनहून पेन्झन्सला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. सेंट अर्थ स्टेशनवर उतरायचं आणि तिथून छोटी गाडी धरायची. सगळे मिळून पाचेक तास धरा. छोट्या गाडीत उजव्या हाताची खिडकी पकडा, खाडी आणि मग समुद्र त्याच बाजूला आहे. हा फाटा १८७७ साली सुरू झाला आणि चित्रकारांची रीघ लागली ती त्यानंतर. १८८४ च्या सुरुवातीला व्हिसलर तिथं रंगवत बसला होता. गाव तीन बाजूंनी पाण्यात शिरलेलं आहे आणि वाळू फिकट, त्यामुळं उजेड सगळीकडून उलटून येतो. सावली काळी पडत नाही, तिच्यात निळं-जांभळं दिसतं. जलरंगवाल्याला आणखी काय पाहिजे? जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे गर्दी जेवायला गेल्यावरही तुम्हाला भरपूर उजेड मिळतो. धक्क्यावर बसा. ओहोटीला बंदरातलं पाणी पार निघून जातं आणि होड्या वाळूवर कलंडतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर अर्ध्या चित्रात होडी उभी राहते.

पण माझं खरं सांगणं निराळं आहे. तिथं गेल्यावर चित्रं बघण्याआधी ही माणसं जगली कशी ते बघा. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. हातात कला असलेली कितीतरी पोरं माझ्या वर्गातून कलानिकेतन, दळवीज या कोल्हापूरच्या कलाशाळांत गेली. त्यातली बरीच आज फ्लेक्स करतात, गणपतीच्या हंगामात बापट कॅम्पात मूर्ती रंगवतात, आणि स्वतःचं चित्र राहून जातं. म्हणून कुठल्याही चित्रकारांच्या गावात गेलो की मी एकच विचारतो, इथल्या चित्रकाराच्या घरात चूल कशावर पेटत होती?

सेंट आइव्हजला त्याचं उत्तर भिंतींवर दिसतं. तारलीच्या कुळातली पिलचर्ड ही तिथली मुख्य मासळी. ती कमी होत गेली तसे जाळी ठेवायचे माळे रिकामे पडले. चित्रकारांनी ते कमी भाड्यात घेतले आणि उत्तरेचा उजेड यावा म्हणून छपरात मोठ्या खिडक्या पाडल्या. पोर्थमिओर किनाऱ्यावर अशी एक इमारत आहे, पोर्थमिओर स्टुडिओज. खाली मच्छीमारांची जाळी, वर चित्रकार, आणि हे आजही चालू आहे. तिथल्या पाच नंबरच्या स्टुडिओत आधी बेन निकल्सन काम करत असे, १९५८ पासून पॅट्रिक हेरन. १९३८ साली निघालेली चित्रकलेची शाळाही त्याच इमारतीत भरते आणि बाहेरून आलेल्यांसाठी थोड्या वेळाचे वर्ग घेते. एखाद्या वर्गाला बसाच. दुकानं खूप आहेत, ते खरं. पण त्या जिन्यावरून वर गेलात की माशांचा आणि टर्पेंटाइनचा वास एकत्र येतो, तो दुकानांत नाही.

आल्फ्रेड वॉलिसबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. जन्म १८५५. तरुणपणी जहाजांवर, नंतर बंदरावर भंगाराचा धंदा. १९२२ साली बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा सोबतीला म्हणून चित्रं काढायला लागला. तोपर्यंत कधी ब्रश धरला नव्हता. कागद कसला, वाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा, वेडावाकडा फाटलेला. रंग होड्यांना लावायचा. पुठ्ठ्याचा कोपरा तिरका असेल तर समुद्रही तिरका. त्याला महत्त्वाचं वाटे ते मोठं, बाकीचं लहान. १९२८ च्या ऑगस्टमध्ये निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोघं बॅक रोड वेस्टवरून चालले होते, उघड्या दारातून आत भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली ही चित्रं दिसली आणि दोघंही आत शिरले. लंडन-पॅरिस बघितलेल्या या माणसांना त्या म्हाताऱ्यानं नव्यानं बघायला शिकवलं. पण वॉलिसला पैसा मिळाला नाही. १९४२ साली तो माड्रनच्या गरिबांच्या आश्रमात वारला. बार्नून स्मशानभूमीत, पोर्थमिओरच्या वर, त्याची कबर आहे. तिच्यावरच्या फरशा तिथल्या बर्नार्ड लीच या कुंभारानं बनवल्या, दीपगृहाच्या दारात शिरणारा एक छोटासा माणूस त्यावर काढलाय. तिथं नक्की जा. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह मात्र केंब्रिजला केटल्स यार्ड या कलासंग्रहालयात आहे. मुलीला म्हणावं, एक दिवस तिकडं ने.

हा लीच १९२० साली जपानी कुंभार शोजी हमादाला घेऊन आला आणि दोघांनी चढती भट्टी (उतारावर एकापुढं एक कप्पे चढत जाणारी) बांधली. पुढं त्या भट्टीनं रोजच्या वापराची भांडी काढून पोट भरलं. ती कार्यशाळा आजही चालू आहे. शिल्पकार बार्बरा हेपवर्थचं घर आणि बाग बघायला किमान अर्धा दिवस ठेवा. १९४९ पासून १९७५ मध्ये मरेपर्यंत तिनं तिथंच दगड घडवला, अर्धवट सुटलेले दगड आणि छिन्न्या तशाच ठेवल्या आहेत. टेटचं कलासंग्रहालय १९९३ चं, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर. पाऊस आला की तिथं जायचं.

आणि यजमानांना न्यूलिनला न्या. पेन्झन्सहून किनाऱ्या-किनाऱ्यानं चालत जाता येतं. इंग्लंडमधल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी ते एक, अजून पुरतं कामाचं. चित्रकार स्टॅनहोप फोर्ब्स १८८४ साली तिथं आला आणि किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावाचं मोठं चित्र त्यानं उघड्यावर, वाऱ्यापावसात उभं राहून केलं. १८८५ साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं. चित्रातल्या बायका, माणसं सगळी त्याच गावची, मॉडेल म्हणून पैसे घेऊन उभी राहिलेली. त्याच्या बरोबरच्या चित्रकारांची कामं पेन्झन्सच्या पेनली हाउस संग्रहालयात बघायला मिळतात. मुक्काम शक्य असेल तर सेंट आइव्हजपेक्षा पेन्झन्स-न्यूलिनकडेच करा. सकाळी बंदर, दुपारी गाडीनं सेंट आइव्हज. हिंदुस्थानातलं उद्या लिहितो.

हॅम्बुर्गकर_उत्तरेश्वर

सरांनी इतकं लिहिलंय की मी फक्त एक नाव वाढवतो. डेन्मार्कचं स्कागेन. देशाच्या उत्तर टोकाला, पिवळी घरं, लाल कौलं. टोकावर दोन समुद्रांच्या लाटा समोरासमोर येऊन आपटतात, ते नुसतं बघायला पण लई भारी. पोहायचं मात्र नाही तिथं, प्रवाह ओढून नेतो.

१८७० च्या दशकापासून चित्रकार यायला लागले. मिकाएल आन्कर १८७४ ला, क्रोयर १८८२ ला. या दोघांची नावं सगळे घेतात, पण मला आना आन्कर सगळ्यात आवडते. ह्या मंडळींत गावातच जन्मलेली ती. तिच्या वडिलांचं खानावळ-कम-हॉटेल होतं, ब्रोंडुम नावाचं. बाहेरून येणारे चित्रकार तिथंच उतरायचे आणि जेवणाच्या खोलीत चित्रं लावत गेले. ती अख्खी खोली आता स्कागेनच्या संग्रहालयात उचलून नेऊन बसवली आहे. बाकीचे किनारा, कोळी, वादळ रंगवत होते. हिनं खिडकीतून भिंतीवर पडलेलं ऊन रंगवलं, त्याच्या कडेला शिवत बसलेली बाई. मी त्या चित्रासमोरून हललोच नाही.

सरांचा चुलीचा प्रश्न गावाला लावला तर उत्तर इथं बंदरावरच मिळतं. स्कागेन आजही डेन्मार्कच्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे. काकूंना जूनमध्ये वेळ असेल तर बघा, पण इंग्लंडचा व्हिसा इथं चालत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो.

माहेर_मालवण, राजारामपुरी

सर, तुमच्याविषयी आदर ठेवूनच लिहिते. तुम्ही चित्रकार कसे जगले ते विचारता. मला विचारावंसं वाटतं, चित्रकार आल्यावर मच्छीमार कसे जगले?

सेंट आइव्हजचंच बघा. चित्रं प्रसिद्ध झाली, मग बघायला माणसं आली, मग त्या माणसांनी सुट्टीसाठी घरं घेतली. वर्षातला बराच काळ कुलूप लावलेली घरं. बंदरावरच्या गल्लीत मच्छीमाराच्या पोराला घर परवडेना. शेवटी मे २०१६ मध्ये गावानं मतदान घेतलं, नवी बांधलेली घरं फक्त तिथं कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत म्हणून. ८३ टक्के लोकांनी होकार दिला. ज्या गावाला असं मतदान घ्यावं लागतं, तिथं पाहुणं म्हणून जाताना पाय जपून टाकायला हवा.

माझं माहेर मालवणात, दांडी किनाऱ्याच्या बाजूला. आमच्याकडं अजून चित्रकारांची वसाहत नाही, पण पर्यटन आलंय. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं, ते ओढताना बघायला लोक येतात. ते येऊदेत, आनंद आहे. पण वाळत घातलेल्या जाळ्यावर चप्पल घालून उभं राहणं, ओढणाऱ्यांच्या मधे फोन घेऊन शिरणं, टोपलीतला मासा उचलून फोटो काढून परत टाकणं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.  रापणीच्या दोन्ही टोकांना माणसांची रांग लागते, म्हातारी माणसंसुद्धा दोराला हात लावतात, आणि मिळालेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा असतो. कधी तास-दीड तास ओढून हाताला नुसता कचरा लागतो. त्या वेळी समोर कुणी हसत फोटो काढत असेल तर कसं वाटत असेल, विचार करा.

ताई, तुमच्या गटानं मालवणला जरूर यावं. आधी किनाऱ्यावर जाऊन कुणातरी वडीलधाऱ्या गाबित मच्छीमाराला विचारा, "आम्ही इथं बसून चित्र काढू का?" नाही म्हणणार नाहीत. उलट चहा पाजतील. आणि चित्र झालं की त्यांना दाखवा. होडीची नाळ (पुढचं टोक) चुकली असेल तर ते सांगतील, आणि ते बरोबर असतील.

कलाशिक्षक_गारगोटी

बाई, तुमचं म्हणणं मला पटतं आणि ते इथं लिहिलंत हे बरं केलंत. म्हणूनच मी न्यूलिनला राहायला सांगितलं. जिथं बंदर बंदराच्या कामाचं आहे, तिथं मच्छीमाराकडून मासे घ्यावेत, त्याच्या शेजारच्या खानावळीत जेवावं. फोर्ब्सनं माणसांना उभं करायचे पैसे मोजले. आपणही कुणाला तासभर बसवलं तर मोजावेत, फुकट मागू नये.

आता हिंदुस्थानातलं. माझ्या प्रश्नाला आपल्या देशात सगळ्यात चांगलं उत्तर कुणी दिलं असेल तर ते के. सी. एस. पणिकर यांनी. मद्रासच्या कला महाविद्यालयाचे ते प्राचार्य. पोरं शिकून बाहेर पडतात आणि चित्र सोडून देतात, हे ते रोज बघत होते, मी बघितलं तसंच. त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून बाटिकची (मेण लावून रंगवलेली) कापडं आणि हस्तकलेच्या वस्तू करून विकायला सुरुवात केली. त्या पैशातून शहराबाहेर इंजमबाक्कमला, समुद्रालगतच्या कोळीवस्तीजवळ, वाळूची स्वस्त जमीन घेतली आणि १९६६ साली चोळमंडल हे कलाग्राम उभं केलं. सरकारचा आश्रय नाही, राजाचा नाही. पोट कापडावर आणि चित्र स्वतःचं. सुलतान अली, नंदगोपाल, वासुदेव, रामानुजम ही सगळी मंडळी तिथली. आज बाहेरून ईसीआर (ईस्ट कोस्ट रोड) या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर गाड्या धावतात, आत झाडीत घरं, वाटेवर शिल्पं, आणि मद्रासच्या त्या पिढीचं संग्रहालय २००९ पासून आहे. मला तिथं गेल्यावर भरून आलं होतं. आपल्याकडं शाहू महाराजांनी आबालाल रहिमानांना दरबारी चित्रकार केलं, त्या आश्रयानं कोल्हापूरला कलापूर म्हणायची वेळ आली. पण राजाश्रय संपल्यावर पुढं काय, याचा असा विचार आपल्या गावात व्हायला हवा होता असं मला फार वाटतं. अजूनही होऊ शकतो.

त्याच रस्त्यानं पुढं मामल्लपुरम. किनाऱ्यावर होड्या, गावात दिवसभर छिन्नीचा आवाज. तिथं १९५७ पासून शिल्पकलेचं सरकारी महाविद्यालय आहे. पल्लवांची मंदिरं तर आहेतच, पण मला रस्त्याकडेचे पाथरवट जास्त भावले.

पण ताई, दिवाळीनंतर तिकडं जाऊ नका. ईशान्येचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर मद्रासला झोडपतो. जानेवारी-फेब्रुवारी धरा. आणि १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा बंदर सुनं असतं. आपल्याकडची बंदी १ जून ते ३१ जुलै.

फोर्ट कोचीचं थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. चिनी जाळी, दगडांच्या वजनावर वरखाली होणारी, रेखाटायला अवघड आणि म्हणूनच चांगली. २०१२ च्या डिसेंबरात तिथं कोची-मुझिरिस बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरायचं कलाप्रदर्शन सुरू झालं, जुन्या वखारींत चित्रं-शिल्पं लागतात. तारखा बघून जा. बिएनाले नसेल तरी मट्टानचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नका. अमृता शेरगिल १९३७ साली ती बघून भारावून गेली होती. रत्नागिरीहून कोकण रेल्वेनं एर्नाकुलमला थेट गाडी आहे.

दिवाळीनंतरसाठी माझं मत मालवण. पाऊस गेलेला, समुद्र निवळलेला, रापणीचा हंगाम. आणि परतताना कुडाळजवळ पिंगुळीला थांबायचंच. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) आणि बाहुल्या तिथं घरातल्या संग्रहालयात बघायला मिळतात. त्या घरातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथीतला राम बघा, मग वॉलिसची होडी आठवा. दोन्हीकडं जे मोलाचं ते मोठं, दूरचं-जवळचं असा हिशेबच नाही. आणखी एक दिवस असेल तर सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवायचे गोल पत्ते, रंगवताना बघायला मिळतं. आपले सा. ल. हळदणकर त्याच गावचे, १८८२ चा जन्म. हातातल्या दिव्यावर हात धरलेल्या त्या बाईचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र जलरंगात आहे, हे तुमच्या गटाला आवर्जून सांगा. लोक तैलरंग समजतात. त्या चित्राला उभी राहिलेली त्यांची मुलगी पुढं आपल्या कोल्हापुरातच राहत होती.

जलरंग_मंगळवारपेठ, कोल्हापूर

सर, बाई, दोघांचे मनापासून आभार. वॉलिसबद्दलचं यजमानांना वाचून दाखवलं, ते म्हणाले त्या कबरीवर मीही येतो. पेन्झन्सला मुक्काम, न्यूलिनचं बंदर आणि सेंट आइव्हजच्या शाळेतला एक वर्ग, असं ठरवतेय. मुलीला आजच कळवते.

गटासाठी मालवण-पिंगुळी पक्कं. बाई, दांडीवर कुणाला विचारायचं ते तुम्ही सांगाल का, म्हणजे थेट जाऊन उभं राहायला नको. आणि एक अडचण. रंकाळ्यावर आमचा रंग वाळतो पटकन. मागे गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा कागद ओलाच राहत होता, दुसरा हात दिला की सगळं एकमेकांत पळायचं. समुद्रावर काय करता?

माहेर_मालवण, राजारामपुरी

निरोप पाठवते तुम्हाला. आमच्या घराजवळच उतरा, सकाळी मी स्वतः किनाऱ्यावर घेऊन येईन. त्या सुमारास मी माहेरीच असते.

कलाशिक्षक_गारगोटी

हवेत ओलावा असतो, त्याला इलाज धीराचाच. एकाच बैठकीत दोन कागद घ्या. एकावर आकाश-पाण्याचा पहिला हात देऊन तो उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा आणि तोवर दुसऱ्यावर होड्यांची रेखाटनं करा. कागद जाड घ्या, ३०० ग्रॅमचा, चारी बाजूंनी क्लिपा लावून, कारण वारा सोडत नाही. गडद रंग पहिल्याच हातात धीटपणे टाका, थरावर थर चढवत बसू नका. आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या, खाऱ्या पाण्यात ब्रश बुडवला तर कागदावर मीठ फुटतं.

गगनबावडा_रोड

ताई, गाडी ठरवताना एक बघा. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण हा जवळचा रस्ता. पावसाळ्यात दरड आली तर करूळ बंद पडतो, काम निघालं तरी बंद ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी गगनबावड्यात फोन करून विचारून घ्या. बंद असेल तर भुईबावड्यानं उतरा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाट. पहाटे पाचला निघालात तर उजाडताना घाटात असाल, तिथं गाडी थांबवायला लागेल ह्याचा वेळ धरून ठेवा.